डावा कान

माझ्या इअरफोनचा डावा कान मेलाय
गेल्या आखाजीपासून.
दोनशे रुपयांत नवा येतो, आणि दोनशे रुपये आहेत माझ्याकडे.
पण दिवसभर मी लोकांच्या कवळ्या घासतो
भुसावळात, बेंडाळे डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत,
आणि एक कान मोकळा लागतोच.
मोटरचा सूर चढला की समजायचं,
हिरडी आता जळणार.

म्हणून मी गाणी अर्धी ऐकतो.
जुन्या गाण्यांत वादक दोन बाजूंना वाटून बसवलेले,
त्यामुळे काहींत मला बासरीच नाही.
एकात ती बाई विचारते, थांबते,
आणि तो उत्तरच देत नाही.
नुसता ढोलक.
ती पुन्हा विचारते.
मला ते गाणं आता तसंच बरं वाटतं.

महिन्याला एकशे एकोणीस रुपये आपोआप कटतात.
त्यात जगातली सगळी गाणी.
मी ऐकतो तीसेक.
हर्षाली म्हणते, पप्पा,
केळ्यांची अख्खी वॅगन बुक करून
तुम्ही दोन केळी खाता.
ती स्वतः गाणं पंधरा सेकंद ऐकते
आणि अंगठ्यानं पुढे ढकलते, ताटातली कढीपत्त्याची पानं सारावीत तसं.
मी बोलायला गेलो तर म्हणाली,
तुम्ही तरी कुठे पूर्ण ऐकता?

स्टेशन रोडला टेकचंदशेठचं कॅसेटचं दुकान होतं.
शेठ पहिलं गाणं डेकवर लावून दाखवायचे, फुकट.
उरलेल्या सातांसाठी बत्तीस रुपये.
पहिलं छान असायचं, बाकीची बऱ्याचदा भंगार.
पण बत्तीस रुपये म्हणजे माझे चार दिवसांचे जेवणाचे पैसे,
मग वसूल होईपर्यंत ऐकायचो ती सात.
पावसाळ्यापर्यंत त्यातली तीन-चार चांगली व्हायची.
खरंच व्हायची, कशी ते माहीत नाही.
हल्ली गाण्याला चांगलं व्हायला
कोणी तेवढा वेळ देत नाही. मीही नाही.

फक्त एक सवय ठेवलीय.
दर एक तारखेला धरणगावच्या हिलाल बडगुजरला
एकावन्न रुपये पाठवतो.
लग्नसराईत बँडसोबत गातो तो, एरवी शिवणकाम.
घरात गोधड्या टांगून स्वतःची अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो,
आणि महिन्याला एक मोबाईलवर धाडतो.
मागे कुकरची शिट्टी असते.
एकदा शेजारीण सुटे पैसे मागून गेली,
ती कडव्यातच राहिली.
मग त्याचा फोन येतो: वाजस ना बरोबर?
वाजस, भो.
एवढंच आमचं बोलणं. त्याला कधी पाहिलेलं नाही.

या महिन्यात त्यानं फोन ठेवला नाही लगेच.
म्हणाला, दोन्ही कानमा लावजो भाऊ.
डावा कानमा मनी पोर शे,
पेटी वाजाडी ऱ्हायनी.

मी हो म्हणालो.
सकाळपासून दोनदा ऐकून झालं होतं ते गाणं,
आणि त्याला म्हणालो होतो, वाजस.

संध्याकाळी मोटर बंद केली.
पंखाही.
ज्यात कवळ्या उकळतो त्या पातेल्यात मोबाईल उभा केला.
फळीवर अकरा तोंडं वाळत होती,
वरणगावच्या मास्तरीणबाई, एक रिटायर्ड गार्ड,
बाकीच्यांची नावं पट्टीवर.
गाणं सुरू झालं आणि पेटी आली,
घाबरत, ठेक्याच्या जराशी मागून.
दुसऱ्या कडव्यात तिचं एक बोट चुकलं.
ती थांबली नाही.
हिलाल थांबला, अर्धी ओळ,
तिला गाठू दिलं,
मग पुढे गेला.

सकाळी हा खंड मी ऐकला होता.
मला वाटलं, श्वास घेतला असेल.

आता इअरफोन घ्यावा म्हणतोय. बघू.
मास्तरीणबाईंची कवळी उद्या द्यायचीय,
आणि वरचा एक सुळा अजून बसत नाहीये.